गोधडी भिंतीवर का लावते?

नमस्कार. माझ्या गोधड्यांच्या प्रदर्शनावरची तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते. तुमचं म्हणणं असं की गोधडी ही पांघरायची वस्तू, ती भिंतीवर टांगणं म्हणजे तिला शोभेची करून टाकणं. आणि एवढी कलाच म्हणायची असेल तर मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीत लावा, जिल्ह्याच्या ठिकाणच्या कलादालनात बघायला येतंय कोण?

गोधडी अंगावर घेतली की ऊब कळते. शिवणारीनं काय काय ठरवलं ते मात्र कळत नाही, कारण गोधडी सबंध अशी आपल्यासमोर कधी येतच नाही. एकतर घडी होऊन कपाटात, नाहीतर चुरगळून अंगाखाली. माझ्या प्रदर्शनात एक जुनी गोधडी असते. आत धोतराचे थर, वर इरकली लुगड्याचे तुकडे. धावदोरा कडेनं सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत मध्याकडे जातो. एका कोपऱ्याशी कापड विरलंय. तिथं टाके एकदम दाट झालेत, आणि लुगड्याचा लाल काठ आडवा वळवून जोड झाकलाय. त्या काठामुळे सगळ्या गोधडीचा तोल त्या कोपऱ्याकडे झुकतो, आणि ते शिवणारीला हवंच होतं असं मला ठामपणे वाटतं, कारण समोरच्या कोपऱ्यात तोच लाल तिनं बोटभर पुन्हा घेतलाय. हे चार पावलं मागं सरल्याशिवाय दिसत नाही.

टांगल्यानं कापड ताणतं, हे तुमचं खरं आहे. म्हणून खिळे मारत नाही. वरच्या कडेला मागून नेफा शिवून त्यात दांडी घालते, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडतं. दिवे मंद ठेवायला सांगते.

आता जहांगीर. मला त्याचं वावडं नाही. पण मोठी भिंत मिळाली म्हणजे शिवणारीला न्याय मिळाला असं होत नाही. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. २००२ मध्ये त्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. जगानं डोक्यावर घेतलं. आणि २००७ मध्ये त्यांच्यातल्याच काही जणींना मोबदल्यासाठी कोर्टात जावं लागलं. कामाचं कौतुक दूर कुठेतरी होतं, हिशेबही तिकडेच होतो, आणि शिवणारी गावातच राहते.

आमच्याकडे शिवणाऱ्या बायका प्रदर्शन बघायला एसटीनं येतात. किमतीची चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांसमोर असते. "एवढ्याला विकणार, मग आम्हाला किती?" असं तोंडावर विचारतात, आणि मला तिथल्या तिथं उत्तर द्यावं लागतं. मला हे हवं आहे.

आणि येतं कोण म्हणाल तर भाजीची पिशवी हातात घेऊन आलेल्या एक काकू. माझ्या नव्या कामाचं टोक उचलून त्यांनी आधी उलटी बाजू पाहिली, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "दोरा ओढून घेतलाय. धुतलं की चुण्या पडणार." चित्रकलेतल्या लोकांनी माझ्या रंगांवर पुष्कळ लिहिलंय, दोऱ्याच्या ताणावर कुणी बोललं नव्हतं. त्या हॉलमध्ये निम्म्या लोकांनी आयुष्यात कधीतरी दाभण हातात धरलेलं असतं. त्यांच्यासाठी एक गोधडी मी मुद्दाम भिंतीपासून लांब, मधोमध सोडते, म्हणजे मागची बाजू बघता येते आणि हातही लावता येतो.

तुम्ही नावांचंही विचारलंय. पाटीवर शिवणारीचं नाव तिची हरकत नसेल तर आधी येतं, माझं नंतर. विक्रीतला वाटा काम सुरू करण्याआधीच ठरतो, आणि पुढच्या प्रदर्शनापासून तो पाटीवरच लिहिणार आहे.