पॉइंट टू-टूची नळी घासून घासून ‘नवी’ होत नाही

नेमबाजीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. सेकंड-हँड पॉइंट टू-टू (.२२ बोअरची) रायफल घेतली की नळीच्या तोंडाकडून रॉड घालून नळी तारेच्या ब्रशने घासा, अमोनियावालं सॉल्व्हंट रात्रभर आत राहू द्या, नळी आरशासारखी चमकली की अचूकता नव्यासारखी परत येते, शेवटी भरपूर तेल सोडून केसमध्ये बंद करा. असा तो सल्ला. वाचल्यापासून जिवाला घोर लागलाय, कारण आपल्याकडे बहुतेक मुलांची पहिली रायफल जुनीच असते. ती बिघडली तर दुसरी लगेच येत नाही.

सगळ्यात घातक भाग आहे तो तोंडाकडून रॉड घालण्याचा. नळी सोडताना गोळीचा शेवटचा स्पर्श होतो तो तोंडाच्या कडेला, म्हणजे क्राउनला. ती कड एका बाजूने झिजली की गोळीमागचा वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीला बाजूला ढकलतो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि गोळीच ५.६ मिलिमीटरची. एवढ्या जागेत असा धक्का कसा खपेल?

हे मी पैसे मोजून शिकलो. मुलीसाठी जुनी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल घेतली तेव्हा विकणारे गृहस्थ अभिमानाने म्हणाले, “रोज साफ करायचो.” नळी खरंच लखलखत होती. पण पोरीचे शॉट कधी आठात, कधी नवात. आम्ही महिना-दीड महिना तिची पोझिशन बदलत राहिलो, स्लिंग (हाताला आधार देणारा पट्टा) आवळून पाहिली, श्वासावर काम केलं. ती रडकुंडीला आली होती. शेवटी रेंजवरच्या एका जुन्या नेमबाजांनी बोल्ट (नळीमागची सरकती दांडी) काढला, कान साफ करायची कापसाची काडी नळीच्या तोंडात घातली आणि कडेवरून हळूच बाहेर ओढत गोल फिरवली. खालच्या बाजूला डावीकडे कापसाचे तंतू अडकले. दरवेळी तिथेच. परवानाधारक गनस्मिथकडून कड नव्याने कापून घेतली आणि ग्रुप आवळला, म्हणजे शॉट जवळजवळ पडू लागले. चूक पोरीची नव्हतीच. जुनी रायफल घ्यायला जाताना ही काडी खिशात ठेवा, अर्थात बोल्ट काढून आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची स्वतः खात्री करूनच.

म्हणून रॉड मागून, चेंबरकडून घालायचा. तोही अखंड, कारण जोडाच्या रॉडच्या सांध्यात कचरा अडकतो. चेंबरमध्ये बोअर गाइड, म्हणजे रॉड सरळ ठेवणारी नळी, हवा. मागून रॉड जातच नसेल अशा रायफलीला पुलथ्रूची दोरी वापरा. स्टीलच्या तारेचा ब्रश मात्र नळीत नकोच. नायलॉनचा किंवा ब्राँझचा पुरतो.

आता अमोनिया. तो तांबं विरघळवतो. तांब्याचं वेष्टण असलेली गोळी डागणाऱ्या मोठ्या रायफलींना त्याचा उपयोग आहे, पण आपली टार्गेट पॉइंट टू-टूची गोळी उघड्या शिशाची असते, वरून मेणाचा हात. तांबंच नाही तर काढणार काय? लोक म्हणतात, पॅच (नळी पुसायचा कापडाचा तुकडा) निळा निघाला, म्हणजे घाण निघतेय. अहो, तो निळा रंग बहुतेक वेळा तुमच्याच पितळी जॅगचा, म्हणजे रॉडच्या टोकाला पॅच धरणाऱ्या भागाचा, असतो. जॅग विरघळतोय आणि आपण खूश होतोय! शिवाय असलं सॉल्व्हंट किती मिनिटं ठेवायचं ते बाटलीवर छापलेलं असतं. रात्रभर कुणी लिहीत नाही.

खरी घाण असते चेंबरच्या लगेच पुढे. तिथे कार्बनचं कडक वलय बसतं. पॉइंट टू-टूच्या प्रायमरमध्ये (काडतूस पेटवणाऱ्या मसाल्यात) काचेची बारीक पूड असते, तिचीही त्यात भर पडते. घट्ट पॅच मागून ढकला: सुरुवातीला हात अडतो आणि मग एकदम सैल सुटतो. ते अडणं म्हणजे वलय. कार्बनवर चालणारं सौम्य सॉल्व्हंट तिथे थोडा वेळ मुरू द्या, त्या तेवढ्याच भागात ब्रश फिरवा, मग कोरडे पॅच. हे करताना तोंड खाली झुकलेलं हवं, नाहीतर ओघळ ट्रिगरमध्ये आणि लाकडात उतरतो.

उरलेल्या नळीतला मेणाचा पातळ थर शत्रू नाही. तो पार खरवडला की पहिले काही शॉट भटकतात, थर पुन्हा बसेपर्यंत.

‘घेतल्याबरोबर साफ करा’ एवढं मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे. आधीच्या मालकाने काय केलंय ते आपल्याला माहीत नसतं. पण तेलाने भरून केसमध्ये? आपल्या पावसाळ्यात केसमधला फोम ओल धरून ठेवतो आणि गंज तिथूनच लागतो. तेलाचा पुसटसा हात पुरे. रायफल केसबाहेर कुलपातल्या कपाटात, सोबत सिलिका जेल. डागायच्या आधी तेल कोरड्या पॅचने पुसून काढायचं. मुलगी आता साफसफाईनंतरचे पहिले दहा-पंधरा शॉट साइटरवर (न मोजल्या जाणाऱ्या सरावाच्या टार्गेटवर) सोडते, ग्रुप बसला की मगच मोजायला लागते.