दान पावलं

कन्येच्या शाळेचा निरोप रात्री पावणेदहाला आला, तेव्हा माझे जेवण ताकभातापर्यंत पोहोचले होते. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, आणि २८ फेब्रुवारी हा रामन परिणामाच्या १९२८ सालच्या शोधाची आठवण म्हणून साजरा होणारा राष्ट्रीय विज्ञान दिन. हे दोन दिवस शेजारी शेजारी येतात, हे शाळेच्या ध्यानात आले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको आहे म्हणून, किंवा एकाच मांडवात दोन कार्यक्रम उरकतात म्हणून, मुलांनी ‘मराठी लोककला सादर करणारा रोबो’ घरून तयार करून आणावा असे ठरले. यातील ‘घरून’ या शब्दाचा अर्थ सातवीच्या पालकांना कोशात पाहावा लागत नाही.

वाणिज्य शाखेने मला ताळेबंद शिकवला, तारा जोडणे शिकवले नाही. कन्येने मात्र वासुदेव करायचा, असे जाहीर करून टाकले. समोर कोणी आले की तो चिपळ्या वाजवणार आणि ‘दान पावलं’ म्हणणार. दुसऱ्या दिवशी महात्मा गांधी रस्त्यावरच्या दुकानात मी तिने लिहून दिलेली यादी किराण्याच्या यादीसारखी वाचून दाखवली: एक आर्डुइनो (म्हणे रोबोचा मेंदू), दोन सर्व्हो मोटर, एक अल्ट्रासॉनिक सेन्सर, आवाजासाठी एमपीथ्री मॉड्यूल, जम्पर वायर. दुकानदाराने माझ्याकडे करुणेने पाहत विचारले, “कितवीत आहे?”

खरी परीक्षा घरी होती, आणि परीक्षक होती माझी आई. तिचे बालपण पंचवटीत गेले आणि पहाटे दारात येणारा वासुदेव तिच्या डोळ्यांसमोर अजून जसाच्या तसा उभा आहे. मोरपिसांची टोपी निमुळती हवी, अंगरखा घोळदार हवा, कमरेला शेला हवा, हे सगळे आम्ही पुठ्ठा आणि जुना पंचा यांवर भागवले. मग ती म्हणाली, “दान मिळालं की तो गिरकी घेतो. तुमचा घेईल ना?” आमची सर्व्हो मोटर १८० अंशांपर्यंतच वळते. त्यामुळे आमचा वासुदेव अर्धी गिरकी घेऊन प्रेक्षकांकडे पाठ करी, तसाच क्षणभर विचारात पडे आणि आल्या वाटेने परत फिरे. “रुसलाय का हा?” आईने विचारले.

२६ तारखेच्या रात्री त्याला नुसता रुसवा राहिला नाही, तर त्याच्या अंगातच आले. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी जोडताच तो टोपीपासून घोळापर्यंत थरथरू लागला, ‘दान पा—, दान पा—’ एवढेच म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू लागला. त्या बॅटरीत व्होल्ट असले तरी मोटर हलवण्याइतका प्रवाह देण्याची ताकद नसते. मोटर जोर लावते, विजेचा दाब घसरतो आणि आर्डुइनो बिचारा दर वेळी नव्याने जन्म घेतो, हे ज्ञान मला रात्री दीड वाजता मिळाले. मोटरींना चार पेन्सिल सेलांची वेगळी सोय केली, दोन्हींचे ऋण टोक एकत्र जोडले आणि त्याचे अंग शांत झाले. माझी बोटे तोवर ग्लू गनने भाजली होती. शेजारी कन्येने रंगवलेला तक्ता वाळत पडला होता. ‘रोबो’ हा शब्द प्रयोगशाळेतून आला नसून नाटकातून आला, चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून. तो सुचवला त्यांच्या चित्रकार भावाने, योसेफने, आणि त्याचे मूळ ‘रोबोता’ म्हणजे वेठबिगार, असे त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते. कला आणि विज्ञान यांचा संगम मला तिथे प्रथमच पटला. कन्या गाढ झोपली होती.

कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांचा सत्कार होऊन ते शालीसह आमच्या टेबलापाशी आले. वासुदेव ढिम्म. ते एक पाऊल पुढे सरकले, तरी ढिम्म. मी टेबलाखालची वायर पाहण्यासाठी वाकणार, तोच मागून कोणी तरी त्यांच्या हाती विसरलेले स्मृतिचिन्ह दिले, आणि त्याची काचेची चौकट समोर येताच वासुदेवाने चिपळ्या वाजवल्या, “दान पावलं!” अशी आरोळी ठोकली आणि पाहुण्यांकडे पाठ फिरवली. त्यांनी स्मृतिचिन्ह छातीशी घट्ट धरले.

कन्या न डगमगता समजावू लागली. सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा, ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि तो आदळून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर मोजतो. कडक, सपाट वस्तूवरून आवाज नीट परततो, मऊ लोकरी कापड तो पिऊन टाकते. “म्हणजे शाल असेपर्यंत तुम्ही त्याला दिसतच नव्हता,” ती म्हणाली. सत्काराविषयी इतके स्पष्ट मी प्रमुख पाहुण्यांसमोर कधी कोणाला बोलताना ऐकलेले नाही.

शेवटी आई पुढे झाली. मऊ लुगडे, वर स्वेटर, त्यामुळे वासुदेवाने तिचीही दखल घेतली नाही. तिने पिशवीतून चिवड्याचा स्टीलचा चौकोनी डबा काढून त्याच्यापुढे धरला, तेव्हा कुठे चिपळ्या वाजल्या.

“आता जमला,” ती समाधानाने म्हणाली. “आमचा वासुदेवसुद्धा हात रिकामा दिसला की पुढच्या दारी जायचा.”