नारूनं माणूस मरत नाही, पण शेत पडीक राहतं

नमस्कार. आफ्रिकेतल्या नारूच्या, म्हणजे पाण्यातून अंगात शिरणाऱ्या जंताच्या रोगाच्या, निर्मूलनावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या रोगानं सहसा कुणी मरत नाही, त्याच्यापायी अमेरिकेच्या माजी अध्यक्षांची संस्था चाळीस वर्षं पैसा ओतते आणि तिकडे मलेरियानं पोरं जातात. शिवाय लोकांना नळाचं पाणी द्यायचं सोडून पाणी गाळायला हातात फडकं देणं हा गरिबांचा अपमान आहे.

दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, त्याकडे येतेच. पहिला मात्र मला अजिबात मान्य नाही.

माझ्या आजीच्या उजव्या घोट्यावर रुपयाएवढा पांढुरका, गुळगुळीत डाग होता. तिचे पाय चेपताना मी त्यावरून अंगठा फिरवायची. "तिथून नारू निघाला होता," एवढंच ती सांगायची. बाकीचं आईकडून कळलं. आधी फोड आला, पायाची आग आग झाली, मग फोड फुटून आतून शेवईसारखा पांढरा दोरा डोकावला. तो हिसका देऊन ओढायचा नसतो. तुटला तर पाय पिकतो. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा आणि काडी चिंधीनं पायालाच बांधून ठेवायची. आजीचा महिना असा गेला, आणि तोही ऐन पेरणीचा. त्या वर्षी अर्धं शेत पडीक राहिलं. आई चौथीत होती. धाकट्यांना सांभाळायला घरी राहिली ती पुन्हा शाळेत गेलीच नाही. आजी जगली, म्हणून मृत्यूच्या कुठल्याच तक्त्यात यातलं काही सापडणार नाही.

मालीतले डोगोन लोक नारूला 'रिकाम्या कोठाराचा रोग' म्हणतात. हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजीचा घोटाच आठवला.

मलेरियासाठी पैसा हवाच, त्याबद्दल वाद नाही. मच्छरदाण्यांसाठी मीही दर वर्षी देते. पण नारूचा पैसा बंद केला म्हणून तो आपोआप तिकडे वळत नाही.

आता फडक्याचं. नारूवर लस नाही, औषध नाही, आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही. तळ्यातल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव असतात, त्यांच्या पोटात नारूची अळी. ते पाणी प्यालं की साधारण वर्षभरानं हातभर लांब, कधी त्याहून मोठी मादी बहुतेक वेळा पायातून बाहेर पडते. आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि ती तिथंच लाखो अळ्या सोडते. सायक्लॉप्स दाट विणीच्या कापडात अडकतो, त्यामुळे पाणी गाळलं की साखळी तुटते. 1986 मध्ये माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटर या संस्थेनं काम हाती घेतलं तेव्हा वर्षाला सुमारे 35 लाख रुग्ण होते. 2024 मध्ये साऱ्या जगात 15. आणि हे वॉशिंग्टनहून आलेल्या साहेबांनी केलेलं नाही. गावातलीच एखादी बाई घरोघर जाते, फडकं फाटलंय का बघते, जखम बांधते, "पाय तळ्यात घालू नको" म्हणून शेजाऱ्याच्या मागे लागते. अध्यक्षपदाच्या वजनाचा उपयोग वेगळ्या जागी झाला: 1995 मध्ये सुदानच्या यादवीत कार्टर यांनी मध्यस्थी करून जवळजवळ सहा महिने बंदुका थांबवल्या, आणि एरवी पोचणंच शक्य नव्हतं अशा गावांत आरोग्यसेवक गेले.

पण पाण्याबद्दल तुम्ही बरोबर आहात, आणि लेखात मी ते लिहायला हवं होतं. आपल्याकडे केवळ फडक्यावर भागलं नाही. सरकारी कार्यक्रमात गाळण्यासोबत हातपंप आले, पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या. आमच्या गावच्या बारवेच्या पायऱ्या बुजवून वर कठडा बांधला, रहाट बसवला. पाण्यात पाय घालायची सोयच उरली नाही. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. चाड आणि दक्षिण सुदानमध्ये मात्र कित्येक गावं अजून तळ्याचंच पाणी पितात. देणगीदाराला रुग्णांचा घटता आकडा दाखवता येतो. विहीर खणून ती वीस वर्षं चालू ठेवणं हे कुणालाच फारसं मिरवता येत नाही. तिथं हात आखडतो, हा तुमचा राग रास्त आहे. चाडमध्ये तर आता नारू माणसांपेक्षा कुत्र्यांतच जास्त सापडतो. कुत्री बांधून ठेवा, त्यांनी खाऊ नयेत म्हणून माशांची आतडी पुरून टाका, असं गावकऱ्यांना विनवावं लागतं. एकट्या फडक्याचं काम ते नव्हेच. तरीही विहीर होईपर्यंत आजच्या घागरीवर काहीतरी बांधायला हवं, आणि ते फडकं देणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

पाणीपुरवठ्यात नोकरी केल्याचं तुम्ही लिहिलंय. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं, वॉशर झिजला, तालुक्याचा मेकॅनिक येईना, तेव्हा गावातला हातपंप चालू ठेवायला नेमकं काय लागतं, यावर सविस्तर लिहाल का? तुमच्या नावानिशी ते मूळ लेखाला जोडते.