प्राचीन चीनचे घोडे दिवाणखान्यासाठी घडवलेले नव्हते

फेंगशुईच्या नावाने एक मजकूर मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरत आहे, आणि वास्तूच्या वस्तू विकणारेही तो वापरतात. त्याचा सारांश असा: प्राचीन चीनमध्ये यश यावे म्हणून घरोघरी धावत्या घोड्याची मूर्ती ठेवत, वायव्य चीनमधल्या गान्सू प्रांतात सापडलेला ब्राँझचा ‘उडता घोडा’ हा त्याचा पुरावा, घोडे सात असावेत, आणि घोडा हे मुळात धनाचे प्रतीक आहे. कोणी घरात काय ठेवावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे; परंतु इतिहास म्हणून येथे जे सांगितले जाते त्यातले बरेचसे चुकीचे आहे, आणि त्यापायी एका थोर शिल्पपरंपरेचा अर्थच पुसला जातो.

घरोघरच्या मूर्तींचे विधान आधी पाहू. संग्रहालयांत आज दिसणारे हान (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) आणि थांग (इ.स. ६१८ ते ९०७) या राजवटींच्या काळातले मातीचे व ब्राँझचे प्रसिद्ध घोडे बहुतेक सगळे थडग्यांतून निघाले आहेत. मृताला परलोकातही त्याच्या मानाप्रमाणे वाहन आणि लवाजमा मिळावा म्हणून ते पुरले जात. जिवंत माणसांनी ते रोज पाहावेत अशी अपेक्षाच नव्हती. थांग राजवटीत तर कोणी किती वस्तू पुराव्यात याचे नियम होते: तिसऱ्या श्रेणीपर्यंतच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला ९०, पाचव्यापर्यंत ६०, नवव्यापर्यंत ४०. पिवळ्या, हिरव्या आणि तपकिरी झिलईचे जे थांग घोडे आज नकलांच्या रूपात दिवाणखान्यांत दिसतात, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुओयांगजवळ रेल्वेमार्गासाठी खोदकाम होताना मोठ्या संख्येने वर आले, तेव्हा थडग्यातल्या वस्तू म्हणून स्थानिक लोक त्यांना अशुभ मानत.

गान्सूच्या घोड्याची गोष्टही वेगळी नाही. १९६९ मध्ये वूवेई येथील लेइताईच्या थडग्यात तो सापडला, आणि तोही एकटा नव्हे, तर ब्राँझचे रथ, घोडे आणि भालाईत यांच्या मिरवणुकीसह. उंची जेमतेम ३४.५ सेंटिमीटर. त्याचे तीन पाय हवेत आहेत आणि चौथा खूर एका उडत्या पक्ष्यावर टेकला आहे, म्हणजे पक्ष्याला मागे टाकणारा वेग कारागिराने त्या एका स्पर्शात दाखवला आहे. नीट पाहिले तर एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे जात आहेत. चौखूर उधळलेल्या घोड्याची ती चाल नव्हे. १९८३ मध्ये चीनने या घोड्याला पर्यटनाचे बोधचिन्ह केले. त्याची आजची कीर्ती तेवढीच अलीकडची आहे. घरगुती पूजेचा पुरावा त्यातून निघत नाही.

सात घोड्यांचा आग्रह चीनचा नाहीच. सात घोडे आपल्या सूर्याच्या रथाचे. चिनी परंपरेत प्राचीन चौ राजवंशातल्या राजा मू याचे आठ घोडे प्रसिद्ध आहेत. मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ‘घोडा पोहोचला की यश आले’ अशा अर्थाचा वाक्प्रचार चिनी भाषेत खरोखर आहे आणि घोड्याची चित्रे भेट देण्यामागे तो असतो. पण तो रूढ झाला युआन राजवटीच्या (तेरावे-चौदावे शतक) सुमारास, म्हणजे हान थडग्यांनंतर हजारभर वर्षांनी.

राहिला धनाचा मुद्दा, आणि येथेच सर्वाधिक नुकसान होते. चीनच्या मैदानी प्रदेशात चांगले युद्धाश्व पुरेसे निपजत नव्हते, आणि उत्तरेच्या श्योंगनू घोडेस्वारांशी गाठ होती. म्हणून हान सम्राट वू याने मध्य आशियातील फरघाना खोऱ्यातल्या ‘स्वर्गीय घोड्यां’साठी इ.स.पू. १०४ ते १०१ या काळात दोन मोहिमा काढल्या. पहिली फसली. दुसरीत ६०,००० माणसे निघाली आणि दहा हजारांहून थोडी अधिक परतली. मिळाले ते काही डझन उत्तम आणि सुमारे ३,००० साधारण घोडे. सेनापती हुओ छ्यूबिंग इ.स.पू. ११७ मध्ये वारला, त्याच्या समाधीपाशी उभ्या असलेल्या दगडी घोड्याच्या पायांखाली धनुष्य धरलेला शत्रू पडला आहे. या घोड्यांत राज्याचे बळ आहे, सीमेची धास्ती आहे, अमरलोकी नेणाऱ्या वाहनाची आसही आहे. तिजोरी भरण्याची इच्छा त्यांच्यावर नंतर लादली गेली.

थांग सम्राट थायझोंगने सातव्या शतकात आपल्या समाधीसाठी सहा घोड्यांची उठावशिल्पे करवून घेतली, तीही लढायांत त्याच्याखाली असलेल्या घोड्यांची. त्यांतला सालूझी आज फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. ६२१ च्या लढाईत त्याच्या छातीत बाण रुतला. सेनापती छ्यू शिंगगोंग समोर उभा राहून तो बाण उपसत आहे आणि घोड्याने अंगाचा भार मागे टाकून मान त्याच्याकडे खाली झुकवली आहे.