मोकळी कॅप बास्केट करत नाही

आज दुपारी (फेब्रुवारी २०२६) डॅलस मॅव्हरिक्स या आपल्या एनबीए बास्केटबॉल संघाच्या चाहत्यांच्या ग्रुपवर एका जुन्या मित्राने लिहिले, ‘डेव्हिस म्हणजे अडकून पडलेला पैसा आहे, गुरुवारच्या आत मिळेल त्या भावात काढा आणि कॅप मोकळी करा.’ डेव्हिस म्हणजे आपल्या संघाचा महागडा खेळाडू, कॅप म्हणजे संघाच्या एकूण पगारांची मर्यादा, आणि गुरुवार म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख. पाठोपाठ अंगठ्यांची रांग लागली. ते वाचल्यापासून माझे कामात लक्ष लागलेले नाही, म्हणून मनात आहे ते एकदाच सविस्तर लिहितो. अंगठे देणारे सगळे माझेच लोक आहेत. मी डॅलसला नवा होतो तेव्हा अमेरिकन एअरलाइन्स सेंटरच्या अगदी वरच्या रांगेत शेजारी बसवून ज्यांनी मला हा खेळ समजावून सांगितला, तेच हे लोक, आणि म्हणूनच राग जास्त आला.

गेल्या वर्षी याच मित्राने अँथनी डेव्हिसच्या बचावाचे गोडवे गाणारा हातभर मजकूर याच ग्रुपवर टाकला होता. तेव्हा डेव्हिस म्हणजे विजेतेपदाची किल्ली होती. ८ फेब्रुवारी २०२५ रोजी ह्यूस्टनविरुद्ध आपल्याकडून खेळलेल्या पहिल्याच सामन्यात त्याने २६ गुण आणि १६ रिबाउंड केले, त्याच सामन्यात तो जखमी झाला, आणि पुढे दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही. आता तो या एका मोसमाच्या ५ कोटी ४१ लाख डॉलर पगाराचा बोजा आहे. माणूस तोच आहे, उंची तीच आहे, हात तेच आहेत. बदलली आहे ती फक्त आपली बोलण्याची पद्धत.

१ फेब्रुवारी २०२५ची शनिवारची रात्र या गावात कोणीही विसरलेले नाही. अकरा वाजून गेल्यावर बास्केटबॉल पत्रकार शाम्स चरानियाची बातमी आली की आपला लाडका लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला आणि त्याच्या बदल्यात डेव्हिस आपल्याकडे आला, आणि अनेकांना खरोखर वाटले की चरानियाचे खाते कोणीतरी हॅक केले आहे. माझा नऊ वर्षांचा मुलगा तेव्हा लुकाची ७७ नंबरची जर्सी घालून आत झोपला होता. धुऊन धुऊन त्या जर्सीच्या पाठीवरच्या एका साताची कड सुटली होती आणि माझ्या बायकोने ती वर कापड ठेवून इस्त्रीने पुन्हा चिकटवली होती. सकाळी तो स्वयंपाकघरात आला तेव्हा ती मला खुणेने सांगत होती की आधी त्याला दूध पिऊ दे. दूध संपल्यावर मी सांगितले. तो रडला नाही. त्याने एवढेच विचारले, ‘बाबा, त्याला विचारलं होतं का?’

नाही, विचारले नव्हते. लुकाने स्वतःच नंतर सांगितले की फोन आला तेव्हा त्याला १ एप्रिलची थट्टा वाटली होती. आपली बदली रोखण्याचा अधिकार करारात लिहून घ्यायचा तर लीगमध्ये आठ वर्षे आणि त्या संघात चार वर्षे काढावी लागतात, आणि तेवढे करूनही तो अधिकार फारच थोड्यांच्या पदरात पडतो. त्याच्या आदल्या मोसमात, २०२३-२४ मध्ये, सरासरी ३३.९ गुण करून ज्याने संघाला अंतिम फेरीत नेले, त्या लुकालाही तो अधिकार नव्हता. डॅलसमध्येच राहिला असता तर उन्हाळ्यात त्याला पाच वर्षांसाठी सुमारे ३४ कोटी ५० लाख डॉलरचा करार मिळू शकला असता. संघ बदलताच ती पात्रताच संपली, आणि ऑगस्टमध्ये त्याने लेकर्सशी तीन वर्षांचा १६ कोटी ५० लाखांचा करार केला.

आता कोणीतरी म्हणेल की हे कोट्यवधी डॉलर कमावणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी कसले अश्रू ढाळायचे. ठीक आहे, पैसा भरपूर मिळतो, हे मान्य. पण माझ्या मुलाने पैशाबद्दल काही विचारलेच नव्हते.

ज्यांच्याकडे कोटी नसतात त्यांचे काय होते तेही पाहा. लुकाच्या त्याच सौद्यात लेकर्सनी जेलन हूड-शिफिनो या २१ वर्षांच्या पोराला युटाकडे पाठवले. दीड वर्षापूर्वी नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत १७व्या क्रमांकावर निवडलेला हा मुलगा त्या कागदावर हिशेब जुळवण्यासाठी होता. युटाने त्याला ठेवलेही नाही, लगेच सोडून दिले. त्याच आठवड्यात ३९ वर्षांचा पी. जे. टकर क्लिपर्सकडून युटाकडे, युटाकडून मायामीकडे आणि मायामीकडून टोरांटोकडे गेला, आणि या फिरवाफिरवीत तो कोर्टवर एकदाही उतरला नाही. जमाखर्चाच्या वहीतली एक रक्कम इकडून तिकडे मांडावी तसे हे चालते, आणि आपण ट्रेड मशीन, म्हणजे अदलाबदल नियमात बसते का ते सांगणारी वेबसाइट, उघडून बसतो, नावे ओढतो, हिरवी खूण उमटली की खूश होतो.

मला नियम कळत नाहीत असे कृपा करून कोणी समजू नये. लीग आणि खेळाडूंमधल्या २०२३च्या करारापासून हा खेळ किती आवळला गेला आहे ते मी तुमच्याइतकेच वाचतो. २०२५-२६च्या मोसमासाठी कॅप सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलरची ठरली, लक्झरी टॅक्सची, म्हणजे जिच्यापुढे मालकाला जादा कर भरावा लागतो ती रेषा १८ कोटी ७९ लाखांवर, आणि दुसरा एप्रन, म्हणजे त्याहून वरची कडक मर्यादा, २० कोटी ७८ लाखांवर. दुसरा एप्रन ओलांडला की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, सौद्यात रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडण्याचा हक्कसुद्धा, गोठतो, सौद्यात देता येत नाही. म्हणजे एकट्या डेव्हिसचा पगार कॅपच्या एक तृतीयांशाहून जास्त आहे, आणि त्यामुळे संघाचे हात बांधले जातात, हे गणित मला दिसते. २०२४चे विजेते बॉस्टन पाहा: त्यांचा प्रमुख खेळाडू टेटम याची टाच जायबंदी झाल्यावर उन्हाळ्यात त्यांनी जरू हॉलिडे आणि पोर्झिंगिस दोघांनाही वाटेला लावले, ते याच रेषांच्या धाकाने. गणित खरे आहे. पण ते गणित करण्यासाठी संघमालक पगारी माणसे ठेवतात. ते काम आपण फुकटात, आणि वर एवढ्या आनंदाने का करावे, हे मला खरोखर समजत नाही.

आणि कॅप मोकळी करून तुम्ही नक्की काय करणार आहात? मोकळी कॅप बास्केट करत नाही. मोकळ्या कॅपला कोणी लहान मूल पाठीवर मिरवत नाही. ‘फ्लेक्झिबिलिटी’ म्हणजे पुढे कधीतरी, कोणीतरी, कदाचित येईल याची आशा, आणि त्या आशेच्या बदल्यात आज समोर घाम गाळणारा माणूस द्यायचा. दरवर्षी फेब्रुवारीत हेच ऐकायचे: त्याचा करार संपत आला आहे म्हणून तो चांगला, याचा करार लांब आहे म्हणून हा वाईट. अरे, तो खेळतो कसा ते तरी बोला!

हो, ओक्लाहोमा सिटीने २०१९ मध्ये पॉल जॉर्ज देऊन शे गिल्जस-अलेक्झांडर आणि निवडीच्या हक्कांचा ढीग मिळवला आणि २०२५ मध्ये विजेतेपद नेले, ते नाकारत नाही. टोरांटोने डेरोझनसारख्या एकनिष्ठ माणसाला घालवून कवाय लेनर्ड आणला आणि वर्षभरात अजिंक्यपद जिंकले, तेही खरे. खुद्द डेव्हिसने २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्समधून हट्टाने सुटका करून घेतली होती, हेही कोणीतरी खाली लिहीलच, तेव्हा मीच आधी लिहून ठेवतो. खेळाडूही निघून जातात. पण एखादा निघून जातो म्हणून बाकी सगळ्यांना माल म्हणायचा परवाना आपल्याला मिळत नाही.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे, कारण डर्क नोविट्झकी आठवला. तुम्हीच मला त्याची गोष्ट सांगितली होती. २१ मोसम एकाच संघात काढणाऱ्या या माणसाने २०१४ मध्ये लेकर्स आणि रॉकेट्सचे भलेमोठे देकार बाजूला ठेवून डॅलसशी तीन वर्षांसाठी अवघ्या अडीच कोटी डॉलरांवर सही केली, संघाला चांगले सोबती आणता यावेत म्हणून. तीही फ्लेक्झिबिलिटीच होती, पण ती एका माणसाने स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या मर्जीने दिली होती. त्याला विचारले होते. अरेनाच्या बाहेर त्याचा पुतळा आहे आणि निष्ठा कधी ओसरत नाही अशा अर्थाचे वाक्य त्यावर कोरलेले आहे. लुका गेल्यावर लोक फुले घेऊन त्याच पुतळ्याशी जमले, कोणी तर शवपेटीही आणून ठेवली. त्या गर्दीत ग्रुपमधले निम्मे जण होते. तेव्हा कोणाच्याही तोंडी कॅप नव्हती. मुंबईतल्या मित्रांना हे वेगळे सांगायला नको, २०२४ मध्ये वानखेडेवर हार्दिकची हुर्यो का उडाली ते त्यांना माहीत आहे, आणि रोहित निदान मुंबईतच राहिला होता.

९ एप्रिलला लुका लेकर्सकडून इथे खेळायला आला, त्याच्यासाठी केलेली चित्रफीत बघताना बाकावर बसून रडला, आणि मग त्याने ४५ गुण ठोकले. आम्ही घरी टीव्हीवर पाहत होतो. मुलाने लेकर्ससाठी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्याला अडवले नाही. नंतर १.८ टक्के शक्यता असताना नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला क्रमांक देणारी लॉटरी लागून कूपर फ्लॅग हा तरुण खेळाडू आला, नोव्हेंबरमध्ये लुकाला घालवणाऱ्या व्यवस्थापक निको हॅरिसनची नोकरी गेली, आणि अरेनात सलोखा परतला असे म्हणतात. फ्लॅग मलाही मनापासून आवडतो. काही वर्षांनी त्याचाही करार मोठा होईल, आणि तेव्हा याच ग्रुपवर त्याच्याबद्दल काय लिहिले जाईल, या विचाराने मला आजच अस्वस्थ वाटते.

डेव्हिसला विकावे की ठेवावे, हा निर्णय नव्या व्यवस्थापनाचा आहे आणि कदाचित विकणेच शहाणपणाचे असेल. माझे मागणे त्याबद्दल नाही. गुरुवारी दुपारी दोनपर्यंत जे व्हायचे ते होईल. तो गेला तर ग्रुपवर पहिली ओळ किती पैसे वाचले याची नको, दुखऱ्या अंगाने तो आपल्यासाठी खेळला त्याची असावी. आणि राहिला तर पुढच्या घरच्या सामन्याला माझ्याबरोबर चला, तिकिटे मी काढतो, मुलगाही येईल. फक्त त्याच्यासमोर कोणाच्याही पगाराचा विषय काढायचा नाही.