ड्राइव्ह मेलेली नाही, तुम्ही विकलेलं डबडं चुकीचं आहे

'ड्राइव्ह गेली मॅडम. डेटा रिकव्हरीला टाका, पंधरा-वीस हजार धरून चाला.'

झालं निदान! पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या त्या पोरानं माझ्या जुन्या लॅपटॉपची ड्राइव्ह, म्हणजे सगळा डेटा साठवणारी पट्टी, एन्क्लोजरमध्ये (ड्राइव्ह बाहेरून केबलनं जोडायच्या डबड्यात) बसवली, केबल लावली, स्क्रीनवर काही आलं नाही, की मेली म्हणून मोकळा. ते एन्क्लोजरही त्याच दुकानानं मला विकलेलं. 'कुठलीही एम डॉट टू चालते' असं छातीठोक सांगून! कुठलीही कशी चालेल? एम डॉट टू हा नुसता पट्टीचा आकार. डेटा कसा पाठवते यावरून त्यात दोन जाती, साटा आणि एनव्हीएमई. लेबलवर साटा असं स्वच्छ छापलंय. टोकाला साटाला असतात तशा दोन खाचा आहेत. आणि यांचं डबडं फक्त एनव्हीएमई वाचणारं. माप तेच, २२ बाय ८० मिलिमीटर. आत व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो, पण दिसणार नाही म्हणजे नाही. हे मला, बँकेत काउंटरवर बसणारीला, लेबल वाचून कळतं आणि दिवसभर हाच माल विकणाऱ्याला कळत नाही? की कळतं, पण रिकव्हरीवाल्याकडून काही सुटतं?

वर म्हणतो, 'ठेवून जा, बघतो.' ठेवून जा! त्यात माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, तिच्या आवाजात. आजी २०१९ला गेली. या लोकांचं 'बघतो' म्हणजे काय ते मला माहीत आहे. फॉरमॅट मारतात आणि नवीन विंडोज टाकून देतात, न विचारता.

सर्व्हिस सेंटरची तऱ्हा आणखी वेगळी. लॅपटॉपला हात लावायच्या आधी फॉर्मवर सही: डेटा गेल्यास आम्ही जबाबदार नाही. मग जबाबदार आहात तरी कशाला?

आणि हे लॅपटॉप बनवणारे! पूर्वी लॅपटॉप उलटा केला की पोटाला झाकण असायचं, दोन स्क्रू काढले की हार्ड डिस्क हातात. आता स्क्रू लपवतात रबरी पायांखाली. ते पाय चिकटवलेले, एकदा उपटले की पुन्हा धड बसत नाहीत. मग प्लास्टिकची कुलपं, नखानं उचकटायला गेलं की तटकन तुटतात. काही मॉडेलांत तर स्टोरेज थेट बोर्डावर सोल्डर केलेलं. बोर्ड जळला की तुमचे फोटो, कागदपत्रं, सगळं त्याच्याबरोबर. लॅपटॉप कागदासारखा पातळ हवा, असं कुणी मागितलं होतं यांच्याकडे?

शिवाय हल्लीच्या लॅपटॉपात ड्राइव्ह गुपचूप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होऊन बसते. उद्या तीच काढून दुसरीकडे लावा, लगेच ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, मागेल. ही किल्ली कुठल्या अकाउंटात पडलीय ते घेताना कुणीही सांगत नाही. स्क्रीनगार्ड आणि बॅग मात्र गळ्यात मारतात.

साटा आणि एनव्हीएमई दोन्ही वाचणारं एन्क्लोजर मी मागवलंय. ड्राइव्ह माझ्या कपाटात आहे, कुणाच्याही काउंटरवर जाणार नाही. आणि ते पहिलं डबडं शनिवारी परत घेऊन जाणार आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का आहे बिलावर. घ्यावाच लागेल.