समन्स आलंय? केस बुडवायची संधी सोडू नका

चौकातल्या पानठेल्यासमोर चाकू चालला, तुम्ही तो पाहिला आणि साक्षीदारांच्या यादीत तुमचं नाव गेलं. अभिनंदन! फौजदारी खटल्यात आता तुमच्याइतका कामाचा माणूस दुसरा नाही. न्यायाधीश तिथं नव्हते, सरकारी वकील नव्हते, तपासी अधिकारी तर सगळं झाल्यावर पोचले. पाहणारे तुम्ही, तेव्हा केस बुडवण्याचा पहिला मानही तुमचाच.

सुरुवात ठाण्यातच करा. बयाण लिहून झालं की वाचून दाखवा म्हणू नका. सही करण्याचा हट्ट मात्र धरा. पोलिसांनी नोंदवलेल्या बयाणावर साक्षीदाराची सही घेऊ नये असं कायदाच सांगतो, पण सहीशिवाय आपलं समाधान होत नाही ना! सही खरी लागते ती पंचनाम्यावर. 'दोन मिनिटं पंच म्हणून या' असं कुणी म्हटलं तर जरूर जा. चाकू कुठून काढून दिला, पाकिटावर लाखेचं सील लागलं का, लेबलवर काय लिहिलं, यात न पडता सही ठोका आणि निघा. काही वर्षांनी तेच पाकीट कोर्टात तुमच्यासमोर उघडतील आणि 'हाच का तो चाकू' असं विचारतील. तेव्हा छताकडे बघायचं.

आरोपी अनोळखी असेल तर ओळख परेडचं बोलावणं येईल. ती सेंट्रल जेलमध्ये होते. पोलीस बाहेर थांबतात, आत नायब तहसीलदार किंवा तसाच कुणी कार्यकारी दंडाधिकारी असतो आणि एका संशयितासोबत साधारण त्याच वयाची, त्याच अंगकाठीची किमान सहा माणसं उभी करतात. इतकी खटपट पाण्यात घालायला एक फॉरवर्ड पुरतो. परेडच्या आधी आरोपीचा फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाका, खाली 'हाच तो' असं लिहा. बचावाचे वकील तुमचा फोटो देवघरात लावतील.

मग समन्स येतं, दोन प्रतींत. एक तुमची, दुसरीवर मिळाल्याची सही. शिपाई दारात दिसला की घरच्यांना 'ते गावाला गेले' म्हणायला लावा. न्यायाधीश आधी जामीनपात्र वॉरंट काढतात, तरी गेला नाहीत तर अजामीनपात्र. मग ज्या पोलिसांना चुकवत होतात, त्यांच्याच गाडीतून कोर्टात जाल. पेट्रोल वाचलं.

स्वतःहून जायचंच असेल तर आधी हायकोर्टात जा. नागपुरात हायकोर्टाचं खंडपीठ आणि जिल्हा न्यायालय, दोन्ही इमारती सिव्हिल लाइन्समध्येच आहेत आणि खंडपीठाची दगडी इमारत दिसायला जास्त रुबाबदार आहे. तिथं अपिलं कागदांवर चालतात, तुमच्या साक्षीची कुणी वाट पाहत नाही. समन्सवर कोर्टाचं नाव आणि केस नंबर छापलेला असतो, म्हणून समन्स घरीच ठेवा. जिल्हा न्यायालयात दारावरचा बोर्ड वाचू नका, शिपायाला विचारू नका. पुकारा होईल तेव्हा तुम्ही खाली तर्री पोह्यांच्या गाडीवर असायला हवं.

आणि हो, जाताना 'तीनशे सातची केस आहे' असं ठणकावून सांगा, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं खुनाच्या प्रयत्नाचं कलम. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर तो आकडा बरोबरच आहे. नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेत ते कलम १०९ झालंय, पण तीनशे सातचा दरारा एकशे नऊला कुठून येणार? खटला सत्र न्यायालयातच चालतो. मॅजिस्ट्रेटकडे दोषारोपपत्र गेलं म्हणजे शिक्षाही तेच देतील, असं धरून चाला. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना ३ वर्षांपर्यंतच कैद देता येते, म्हणून असली प्रकरणं ते वर सत्र न्यायालयाकडे कमिट करतात, म्हणजे सोपवतात. हे फिर्यादीला कुणी सांगत नाही. तो बापडा खालच्याच कोर्टात तारखा विचारत फिरतो.

आत कोण कोण असतं ते ओळखायच्या भानगडीत पडू नका. काळा कोट दिसला की आपला वकील समजा. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे गेला की तीही खूण जाते, कारण उन्हाळ्यात खालच्या कोर्टात कोटाची सक्ती नाही. सरकारी वकील तुमची बाजू मांडायला फुकट उभे आहेत, तरी फिर्यादीला खासगी वकील लावायला सांगा. तो साक्षीदारांना स्वतःहून प्रश्न विचारू शकत नाही, सरकारी वकिलांच्या सांगण्याप्रमाणे त्याला चालावं लागतं आणि पुरावा संपल्यावर परवानगीने लेखी युक्तिवाद देता येतो. फी मात्र पूर्ण लागते. न्यायाधीशांच्या टेबलावर लाकडी हातोडा शोधाल तर तो नाही. गीताही नाही. शिपाई शपथेचं वाक्य सांगतो, तुम्ही मागून म्हणता. आधीच्या साक्षीदाराची साक्ष चालू असेल तर मागच्या बाकावर बसून सगळं ऐका. पुढच्या साक्षीदाराला बाहेर थांबवतात ते का, हे विचारू नका.

सरतपासात, म्हणजे ज्या बाजूने साक्षीला बोलावलं तिच्याच वकिलांच्या पहिल्या प्रश्नांत, सरकारी वकील तोंडात उत्तर घालू शकत नाहीत. 'काय पाहिलं?' एवढंच विचारतील. इथं तुम्ही जे पाहिलं ते सोडून मेव्हण्याने काय ऐकलं ते सांगा.

खरी बहार उलटतपासात. इथं बचावाचे वकील विचारतात आणि सूचक प्रश्न, म्हणजे ज्यात उत्तर आधीच दडलेलं असतं असे, चालतात; 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात भागतं. तुम्ही भागवू नका. 'त्या वेळी लाइट होते?' 'होते साहेब, पण खांब जरा दूर होता, अन् माझा चष्मा त्या दिवशी घरीच राहिला होता.' चष्म्याचं कुणी विचारलं नव्हतं. आता तो टंकलेखकाच्या पडद्यावर आला: 'हे म्हणणे खरे आहे की, घटनेच्या वेळी मी चष्मा लावलेला नव्हता.' तुमचं बोलणं असं प्रथमपुरुषी वाक्यात उतरतं, प्रश्न बहुधा गळून पडतो आणि निकालात उतरतं ते हेच वाक्य.

अंतर विचारलं तर छातीठोक आकडा सांगा, 'बारा फूट'. घटनास्थळाच्या नकाशात चाळीस असेल. 'मोजलं नाही, अंदाज सांगू का?' हे उत्तर कुणी अडवत नाही, म्हणूनच ते टाळायचं. मग वकील तुमचं पोलीस बयाण उघडतील: 'आरोपीने डाव्या हाताने वार केला, हे यात नाही.' सांगितलं असेल तर 'सांगितलं होतं, का लिहिलं नाही ते सांगता येणार नाही' इतकं पुरतं. सांगितलं नसेल तर तसं म्हणावं. तुम्ही तिसरा मार्ग धरा. पोलिसांवर चिडा, मागच्या वर्षीचं चालान काढा, वकिलांशी भांडा. वकिलांना ओमिशन, म्हणजे पोलीस बयाणात नसलेली गोष्ट, मिळालं आणि वर तुमचा रागही रेकॉर्डवर आला. ओमिशन पुढे तपासी अधिकाऱ्याकडून सिद्ध करून घ्यावं लागतं, ते काम ते निवांतपणे करतील.

साक्ष संपल्यावर छापील प्रत वाचायला मिळते. चूक असेल तर तिथंच सांगता येतं आणि न्यायाधीशांना ती दुरुस्ती पटली नाही तरी तुमची हरकत टिपून ठेवावी लागते. एवढी मोठी सोय! तुम्ही मोबाईल सुरू करत करत सही करा.

मधल्या काळात समझोत्याची बैठक होईलच. साधी मारहाण आपसात मिटते, खुनाचा प्रयत्न मिटत नाही. म्हणून तुम्हाला 'मला काही आठवत नाही' एवढंच म्हणायला सांगतील. म्हणा. सरकारी वकील तुम्हाला फितूर ठरवून तुमचीच उलटतपासणी घेतील. तरी तुमची साक्ष पूर्ण पुसली जात नाही, त्यातलं खरं वाटेल तेवढं न्यायाधीश घेऊ शकतात. शपथेवर खोटं बोलण्याला ७ वर्षांपर्यंत कैद आहे, हा तपशील त्या बैठकीत चहाबरोबर येत नाही.

आरोपी स्वतः पिंजऱ्यात गप्प उभा राहिला तर 'बघा, गप्प आहे, म्हणजे केलंच!' असं व्हरांड्यात जाहीर करा. सिद्ध करायचं काम सरकार पक्षाचं आणि गप्प राहणं हा त्याचा हक्क, हे बचावाचे वकील न्यायाधीशांना सांगतील. तुम्हाला सांगायची त्यांना गरज नाही.

निकाल लागेल: संशयाचा फायदा देऊन निर्दोष. जखमी माणसाला त्यावर अपील करता येतं, पण त्याला ते कळू देऊ नका. तुम्ही मात्र ई-कोर्टच्या ॲपवर सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, टाकून निकाल उतरवा, तुमच्या चष्म्याचा परिच्छेद शोधा आणि मेव्हण्याला पाठवा. पुढच्या केसमध्ये तोही साक्षीदार आहे म्हणे.